लिनक्सवर 'शटडाउन' दाबूनही कॉम्प्युटर बंद का होत नाही? कारण कधीकधी महिन्यांपूर्वी लिहिलेल्या एका शब्दात असतं

दिवसभराचं काम संपलं. मेनू उघडला. 'लॉग आउट' दिसतंय, पण 'रीस्टार्ट' आणि 'शटडाउन' हे दोन्ही पर्याय करडे पडलेत, माउस कितीही आपटला तरी दबत नाहीत. मग टर्मिनल उघडून 'पॉवरऑफ' टाइप करायचं, तर तिथे उत्तर येतं की तुम्हाला परवानगी नाही. स्वतःच्या पैशांनी घेतलेला लॅपटॉप, स्वतः टाकलेलं लिनक्स, आणि बंद करायला परवानगी नाही!

अशा वेळी बहुतेक जण एकच गोष्ट करतात. पॉवरचं बटण चार सेकंद दाबून धरतात. लॅपटॉप बंद होतो, प्रश्न मिटला असं वाटतं. पण नुकतीच सेव्ह केलेली फाइल डिस्कवर पोहोचली होती की नव्हती, हे तेव्हा कुणालाच माहीत नसतं.

लिनक्समध्ये बंद करणं म्हणजे एक स्विच नाही, ती एक साखळी आहे. कुणीतरी विनंती करतं, कुणीतरी तिला परवानगी देतं, मग आवराआवर होते, मग कर्नल थांबतो आणि शेवटी मदरबोर्ड वीज तोडतो. उबंटू किंवा फेडोरा वापरणाऱ्यांना ही साखळी दिसत नाही, कारण ती आधीच जोडून दिलेली असते. पण जेंटूसारखं लिनक्स वापरलं, जिथे प्रत्येक पॅकेज स्वतः बांधता येतं, तर यातली एखादी कडी तुम्ही स्वतःच महिन्यांपूर्वी नकळत काढून टाकलेली असू शकते.

(या लेखात कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं, तीही लहान लिपीतली.)

आधी हे बघू, की बंद होताना नेमकं होतं काय?

तुम्ही फाइल सेव्ह करता तेव्हा लिनक्स ती लगेच डिस्कवर लिहीत नाही. डिस्क मेमरीपेक्षा खूप संथ असते, म्हणून बदल आधी मेमरीत ठेवले जातात आणि सवडीने खाली उतरवले जातात. कर्नलच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये हे काम करणारी यंत्रणा दर ५ सेकंदांनी जागी होते आणि ३० सेकंदांपेक्षा जुने झालेले बदल लिहून टाकते. म्हणजे 'सेव्ह झालं' असं दिसल्यावरही काही सेकंद ती फाइल फक्त मेमरीत असू शकते. लाईट गेली किंवा बटण दाबून धरलं की तेवढं गेलं. आजच्या फाइल सिस्टम जर्नल ठेवतात, त्यामुळे डिस्कचा ढाचा सहसा वाचतो. पण ढाचा वाचणं म्हणजे तुमच्या फाइलमधला मजकूर वाचणं नव्हे.

व्यवस्थित शटडाउनमध्ये सगळ्या प्रोग्रामना आधी एक सभ्य निरोप जातो की आवरा आता. त्याला सिगटर्म म्हणतात. ब्राउझर टॅब नोंदवून ठेवतो, डेटाबेस अर्धवट व्यवहार मिटवतो. जे ऐकत नाहीत त्यांना थोड्या वेळाने सिगकिल मिळतो, तो नाकारता येत नाही. सिस्टमडी वापरणाऱ्या लिनक्समध्ये हा 'थोडा वेळ' मूळ सेटिंगनुसार ९० सेकंदांचा असतो. काळ्या स्क्रीनवर 'अ स्टॉप जॉब इज रनिंग' असं लिहून दीड मिनिट मोजलं जातं, ते हेच. लोक या ओळीला भयंकर वैतागतात आणि नेमकं तिथेच बटण दाबून धरतात. फेडोराने तर २०२३ मध्ये ही मुदत कमी करून ४५ सेकंदांवर आणली.

यानंतर मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरतं, डिस्क सोडवली जाते आणि शेवटी कर्नलला सांगितलं जातं की संपलं. या शेवटच्या निरोपात एक गंमत आहे. चुकून कुणी कॉम्प्युटर बंद करू नये म्हणून कर्नल दोन ठरावीक आकडे मागतो. पहिला आकडा संगणकाच्या सोळा-अंकी पद्धतीत लिहिला की इंग्रजीत 'फील डेड' असा वाचता येतो. दुसरा २८१२१९६९, म्हणजे लिनक्स बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांची जन्मतारीख, २८ डिसेंबर १९६९. त्याऐवजी चालणारे आणखी तीन आकडे आहेत, त्या त्यांच्या तीन मुलींच्या जन्मतारखा. जगात रोज बंद होणारं प्रत्येक लिनक्स मशीन यातली एक तारीख सांगूनच झोपतं.

शटडाउन, हॉल्ट, पॉवरऑफ, इनिट झिरो: इतक्या कमांड कशाला?

कारण पूर्वी बंद करणं हे दोन माणसांचं काम होतं, एक सॉफ्टवेअर आणि एक तुम्ही. जुन्या पीसीचा स्विच थेट वीज तोडायचा, सॉफ्टवेअरच्या हातात ते नव्हतंच. विंडोज ९५ मध्ये केशरी अक्षरांत 'आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही' अशा अर्थाची पाटी यायची, ती त्यामुळेच. १९९५ मध्ये एटीएक्स प्रकारचे मदरबोर्ड आणि १९९६ च्या अखेरीस एसीपीआय हे मानक आलं, त्यानंतर वीज तोडण्याचा हुकूम सॉफ्टवेअरला देता येऊ लागला.

नावं मात्र तीच राहिली. 'हॉल्ट' म्हणजे सगळं थांबव, पण वीज तोडू नकोस. आजही सिस्टमडीवर 'हॉल्ट' दिलं तर स्क्रीनवर शेवटची ओळ राहते आणि पंखा फिरत राहतो. लोकांना वाटतं कॉम्प्युटर अडकला. तो अडकलेला नसतो, सांगितलं तेवढंच करून उभा असतो. 'पॉवरऑफ' वीजही तोडतं. 'इनिट ०' हा जुन्या पद्धतीचा आकडी हुकूम, 'इनिट ६' म्हणजे रीस्टार्ट.

'शटडाउन' यातली सगळ्यात समजूतदार कमांड, कारण तिला वेळ सांगता येते आणि लॉग-इन असलेल्या बाकीच्यांना ती आधी कळवते. पण तीही सगळीकडे सारखी वागत नाही. सिस्टमडीवर नुसतं 'शटडाउन' लिहिलं की एका मिनिटानंतर बंद होतं, जुन्या सिसव्ही-इनिटवर वेळ लिहावीच लागते. 'शटडाउन -एच नाऊ' लिनक्सवर सहसा वीज तोडतं, पण फ्रीबीएसडीवर फक्त थांबवतं, तिथे '-एच' ऐवजी '-पी' लागतं. वेळ लावून नंतर मन बदललं तर 'शटडाउन -सी'. ही एक कमांड पाठ असावी.

स्वतःच्याच कॉम्प्युटरवर परवानगी कसली?

लिनक्स हे युनिक्सच्या घराण्यातलं, आणि युनिक्स एकाच मशीनवर अनेक माणसं काम करतील असं गृहीत धरून बनलं. कॉलेजच्या लॅबमध्ये एका मशीनवर एक जण समोर बसलेला आणि चार जण लांबून एसएसएचने जोडलेले असतील, तर त्या चारांपैकी कुणीही घरी जाताना मशीन बंद करून चालणार नाही. म्हणून मूळ नियम सोपा होता, बंद करायचा अधिकार फक्त रूट या मुख्य वापरकर्त्याला.

चुकून बंद करण्याची भीती तर त्याहून जुनी. डेबियनमध्ये 'मॉली-गार्ड' नावाचं पॅकेज आहे. लांबून जोडलेल्या मशीनवर शटडाउन दिलं की ते आधी मशीनचं नाव टाइप करायला लावतं. संगणकवाल्यांच्या बोलीचा कोश असलेल्या जार्गन फाइलमध्ये या नावाची कथा आहे. एका प्रोग्रामरच्या मॉली नावाच्या लहान मुलीने आयबीएमच्या मोठ्या मशीनचा लाल स्विच एकाच दिवशी दोनदा दाबला, मग त्यावर झाकण बसवलं गेलं, आणि त्या झाकणाला तिचं नाव पडलं.

पण घरच्या लॅपटॉपवर प्रत्येक वेळी रूट होणं हा जाच आहे. म्हणून मध्ये दोन मध्यस्थ आले. एक म्हणजे लॉगिनडी, जो नोंद ठेवतो की कोण लॉग-इन आहे, समोर बसून की लांबून, आणि आत्ता स्क्रीन कुणाची आहे. दुसरा पोलकिट, ज्याच्याकडे नियमांची वही असते. नेहमीचा नियम असा, की समोर बसलेल्या, स्क्रीन ताब्यात असलेल्या माणसाने विचारलं तर पासवर्डशिवाय बंद करू द्या, बाकीच्यांकडे पासवर्ड मागा. मेनूतलं बटण करडं पडतं तेव्हा डेस्कटॉपने बहुतेक वेळा या दोघांना विचारलेलं असतं आणि त्याला एकतर 'नाही' मिळालेलं असतं, किंवा पलीकडे उत्तर द्यायला कुणी नसतंच.

लॉगिनडी हा सिस्टमडीचा भाग आहे. ज्यांना सिस्टमडी नको, त्यांच्यासाठी तेवढाच भाग सुटा काढून ई-लॉगिनडी बनवण्यात आला. आणि इथे जेंटू येतं.

जेंटू: थाळी नाही, शिधा

डॅनियल रॉबिन्स यांनी सुरू केलेल्या जेंटूची १.० आवृत्ती ३१ मार्च २००२ ला आली. नाव जेंटू पेंग्विनवरून, जो पाण्यात फार वेगाने पोहतो. उबंटू तुम्हाला वाढलेली थाळी देतं. जेंटू शिधा देतं आणि काय घालायचं ते विचारतं. हे विचारणं होतं 'यूज फ्लॅग'मधून. प्रत्येक फ्लॅग म्हणजे एक शब्द. तो लिहिला तर पॅकेज बांधताना ती सोय आत जाते, त्याच्यापुढे उणे चिन्ह लावलं तर ती सोय त्या प्रोग्राममध्ये नसतेच. नुसती लपवलेली नसते, मुळात नसते. भाजी ताटात आल्यावर वरून मीठ घेता येतं, पण पुरणात गूळच घातला नसेल तर पोळी लाटून झाल्यावर काही करता येत नाही, तसं.

जेंटूने डिसेंबर २०२३ मध्ये तयार बांधलेली पॅकेजं द्यायला अधिकृतपणे सुरुवात केली. पण तीही ठरावीक फ्लॅगनी बांधलेली असतात, आणि तुमची निवड वेगळी असेल तर घरीच बांधावी लागतात.

आपल्या कहाणीतले गुन्हेगार तीन-चार शब्द आहेत: 'ई-लॉगिनडी', 'पॉलिसीकिट', 'डीबस' आणि 'सिसव्ही-यूटिल्स'. पहिले तीन डेस्कटॉप प्रोफाइल निवडलं तर आपोआप चालू होतात. सिस्टमडी नसलेल्या डेस्कटॉपसाठी ई-लॉगिनडी २०२० पासून मूळ निवड आहे. मग अडकतं कोण? ज्याने सुरुवातीला साधं प्रोफाइल निवडलं तो. किंवा ज्याने 'हलकं सिस्टम हवं' म्हणून कुठूनतरी मिळालेली उणे चिन्हांची लांबलचक ओळ आपल्या 'मेक डॉट कॉन्फ' फाइलमध्ये चिकटवली तो. काही जण तर थेट 'उणे तारा' लिहितात, म्हणजे सगळंच बंद. तेव्हा काहीच बिघडत नाही. बिघडतं ते दोन महिन्यांनी डेस्कटॉप टाकल्यावर, आणि तोपर्यंत ती ओळ कुणाला आठवत नसते.

मग कडी नेमकी कुठे तुटली, हे शोधायचं कसं?

सरळ युक्ती म्हणजे विनंती कुठपर्यंत पोहोचते ते बघायचं. रूट होऊन 'पॉवरऑफ' द्या. मशीन नीट बंद झालं तर खालच्या कड्या, म्हणजे आवराआवर, कर्नल आणि वीज, ठीक आहेत. दोष परवानगीच्या कडीत आहे.

रूटलाही 'कमांड नॉट फाउंड' आलं तर प्रकरण वेगळं. जेंटूमध्ये 'शटडाउन', 'हॉल्ट', 'पॉवरऑफ' या कमांड कुठून येणार हेही बांधणीतच ठरतं. त्या सिसव्ही-इनिट नावाच्या पॅकेजमधून येतात, किंवा सिस्टमडी अथवा ओपनआरसी 'सिसव्ही-यूटिल्स' हा फ्लॅग लावून बांधलं असेल तर त्यांच्याकडून. दोघं एकत्र नांदत नाहीत, म्हणून अपडेट करताना 'हे पॅकेज त्या पॅकेजला अडवतंय' असा लाल मजकूर येतो. साध्या वापरकर्त्याला 'नॉट फाउंड' दिसलं तर मात्र आधी घाबरू नका, बहुधा कमांड 'एसबिन' या फोल्डरमध्ये असते आणि त्याच्या शोधयादीत ते फोल्डर नसतं.

दोष परवानगीचा आहे असं ठरलं की साध्या वापरकर्त्याने 'लॉगिनसीटीएल' टाइप करावं. तुमचं नाव आणि सत्राचा क्रमांक दिसायला हवा. यादी रिकामी असेल तर ई-लॉगिनडीला तुम्ही लॉग-इन आहात हेच माहीत नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याला पोलकिट समोर बसलेला माणूस मानणार नाही. याची कारणं ठरलेली आहेत. ई-लॉगिनडी बूटच्या वेळी सुरूच होत नसेल, तर 'आरसी-अपडेट अ‍ॅड ई-लॉगिनडी बूट'. किंवा 'पॅमबेस' हे पॅकेज ई-लॉगिनडी फ्लॅगशिवाय बांधलेलं असेल. पॅमबेस लॉग-इनच्या दारावरचा रखवालदार. नोंदवही ठेवली आहे हे त्यालाच कुणी सांगितलं नाही, तर तो आत सोडतो पण नोंद करत नाही. हा दोष शोधायला सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण पॅमबेसकडे कुणी बघतच नाही.

यादीत नाव असेल तर 'लॉगिनसीटीएल पॉवरऑफ' द्या. यानेही मशीन बंद झालं, तर दोष फक्त डेस्कटॉपच्या पॅकेजात उरतो. त्याचे फ्लॅग बघायला 'इमर्ज -पीव्ही' आणि पुढे पॅकेजचं नाव. इथे काहीही बांधलं जात नाही, फक्त यादी दिसते. शब्दाआधी उणे म्हणजे ती सोय बंद. शब्दापुढे तारा म्हणजे मागच्या बांधणीनंतर तुम्ही निवड बदललीत. कंस म्हणजे ती निवड तुमच्या हातात नाही.

दुरुस्ती दोन टप्प्यांची. फ्लॅग 'मेक डॉट कॉन्फ'मध्ये किंवा त्या एकाच पॅकेजपुरता 'पॅकेज डॉट यूज'मध्ये लिहायचा, आणि मग बदललेलं सगळं पुन्हा बांधायचं: 'इमर्ज --आस्क --चेंज्ड-यूज --डीप @वर्ल्ड'. '--न्यूयूज' असाही पर्याय आहे, पण तो तुम्ही कधी न लावलेला फ्लॅग कुणी पॅकेजात नव्याने आणला तरी ते पॅकेज पुन्हा बांधतो. ब्राउझरसारखं पॅकेज बांधायला तासन् तास लागू शकतात, त्यामुळे हा फरक पंख्याच्या आवाजात ऐकू येतो. फाइलमध्ये नुसता शब्द लिहून पुन्हा बांधायचं विसरणारे कमी नाहीत. अन् बांधून झाल्यावर लॉग-आउट करून पुन्हा लॉग-इन करायचं राहून जातं, ते वेगळंच. जुनं सत्र जुन्याच नोंदीवर चालतं.

मध्येच पोर्टेज, म्हणजे जेंटूचा पॅकेज मॅनेजर, म्हणतो की अमुक फ्लॅग बदलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, मी लिहून देऊ का? 'हो' म्हटलं तरी तो बदल थेट लागू होत नाही. तो वेगळ्या फाइलमध्ये प्रस्ताव म्हणून ठेवला जातो आणि 'डिस्पॅच-कॉन्फ' चालवून मंजूर करावा लागतो. तो केला नाही तर तीच सूचना पुन्हा पुन्हा येत राहते. काही पॅकेजं ई-लॉगिनडी आणि सिस्टमडी हे दोन्ही फ्लॅग एकत्र लावले तर बांधायलाच नकार देतात. दोघं एकच काम करतात, एकालाच ठेवावं लागतं.

शॉर्टकट, जो घेऊ नये

इतकं सगळं करण्यापेक्षा 'शटडाउन' फाइललाच कायमचा रूटचा अधिकार देऊन टाका, असा सल्ला हमखास मिळतो. त्याला सेटयूआयडी म्हणतात. एका ओळीत काम होतं, हे खरं. पण मग समोर कोण बसलंय, लांबून कोण जोडलंय, हा फरकच पुसला जातो. त्या मशीनवर खातं असलेला कुणीही कुठूनही ते बंद करू शकतो. ई-लॉगिनडी बसवायचंच नसेल, साध्या विंडो मॅनेजरवर भागत असेल, तर त्यापेक्षा 'विसुडो' वापरून फक्त 'पॉवरऑफ' या एका कमांडपुरती, फक्त तुमच्या नावावर पासवर्डशिवाय परवानगी देणारी ओळ घालणं बरं. बटण करडंच राहील, पण किबोर्ड शॉर्टकटला ही कमांड जोडता येते.

सगळं थांबलं, पण पंखा फिरतोच आहे

'पॉवरऑफ' दिलं, आवराआवर झाली, आणि शेवटची ओळ आली 'सिस्टम हॉल्टेड'. ती 'पॉवर डाउन' असायला हवी होती. हा फरक नीट वाचला तर निदान तिथेच आहे. कर्नलला वीज तोडायचा मार्गच सापडला नाही, तर तो पॉवरऑफचा हुकूम गुपचूप हॉल्टमध्ये बदलतो. स्वतः कर्नल बांधणाऱ्यांच्या बाबतीत याचं नेहमीचं कारण म्हणजे एसीपीआयचा पर्याय बंद राहिलेला. पुन्हा तोच प्रकार, बांधतानाचा एक शब्द. या अवस्थेत बटण दाबून धरायला हरकत नाही, कारण लिहायचं ते सगळं लिहून झालेलं असतं.

आणि स्क्रीन पूर्ण गोठली असेल, कुठलीच कमांड देता येत नसेल, तर? ऑल्ट आणि प्रिंट-स्क्रीनवरची सिसआरक्यू कळ दाबून धरायची आणि आर, ई, आय, एस, यू, बी ही अक्षरं थोडं थोडं थांबून दाबायची. क्रमाने किबोर्ड सोडवला जातो, प्रोग्रामना आवरायला सांगितलं जातं, न ऐकणाऱ्यांना संपवलं जातं, मेमरीतलं डिस्कवर उतरतं, डिस्क फक्त वाचण्यापुरती होते आणि मशीन रीस्टार्ट होतं. शेवटी बीऐवजी ओ दाबलं तर बंद होतं. अनेक लॅपटॉपवर एफएन कळही सोबत लागते.

ही सोयसुद्धा कर्नल बांधताना चालू ठेवावी लागते, आणि तिला वरून एक आकडी कुलूपही असतं. उबंटूमध्ये तो आकडा १७६ आहे, तो फक्त एस, यू आणि शेवटच्या कळीला परवानगी देतो. सिस्टमडीची मूळ निवड १६, म्हणजे फक्त एस. १ लिहिलं तर सगळ्या कळा चालतात. तुमच्या मशीनवर काय आहे ते 'सिसकंट्रोल', म्हणजे 'सिससीटीएल', या कमांडने 'कर्नल डॉट सिसआरक्यू' विचारलं की कळतं, आणि हे गोठण्याच्या आधी बघून ठेवावं लागतं. एसएसएचने अजून आत शिरता येत असेल तर मात्र कुलपाची अडचण नाही. रूट होऊन 'प्रॉक' फोल्डरमधल्या 'सिसआरक्यू-ट्रिगर' या फाइलमध्ये हीच अक्षरं एकेक करून लिहिली, आधी एस, मग यू, मग ओ, तर कर्नल ती आकडा न बघता ऐकतो.